लुआंटी सर्व्हर: अपडेटनंतर सोर्स बिल्ड पुन्हा पुन्हा का मोडतो

लुआंटी म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट, ठोकळ्यांच्या जगाचे खेळ चालवणारं मुक्त गेम इंजिन. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं, इंजिन तेच. लिनक्सवर त्याचा सर्व्हर सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, बांधला की पहिल्या वेळी बहुधा नीट बसतो. मग तीन-चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तेच आदेश पुन्हा दिले जातात आणि या वेळी काहीतरी अडतं. दोष कोडमध्ये क्वचितच असतो. मागच्या बिल्डचं खरकटं तसंच राहिलेलं असतं, त्यावरच नवं वाढलं जातं. म्हणून खालच्या तपासण्यांचा क्रम फुकट आणि दोन मिनिटांच्या गोष्टींपासून सुरू होतो. तो मोडून थेट शेवटच्या उपायाकडे जाऊ नका.

सगळं डेबियन १२ आणि उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ धरून लिहिलं आहे. आदेश आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची. सीमेकचे (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनाचे) -एस, -बी, -डी हे पर्याय आणि -डी नंतरची नावं मोठ्या अक्षरांत लागतात (बिल्ड हे फोल्डरचं नाव असेल तिथे लहान), बाकी बहुतेक सगळं लहान.

लक्षणं

• सीमेक सुरुवातीलाच थांबतं आणि "कुड नॉट फाइंड" म्हणून एखाद्या लायब्ररीचं नाव देतं: झेडस्टँडर्ड, एसक्यूलाइट, ओपनजीएल, एसडीएल२.
• बिल्ड मधेच मरतो. "किल्ड" आणि जवळपास सीसी१प्लस हे नाव दिसतं.
• शंभर टक्के पूर्ण होतं, पण लुआंटीसर्व्हर ही फाइलच सापडत नाही. किंवा सापडते, पण आवृत्ती जुनीच सांगते.
• "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" म्हणून सर्व्हर उघडतच नाही.
• उघडतो आणि दोन सेकंदांत बंद होतो.
• नीट चालतो, पण जग रिकामं दिसतं. खेळाडू विचारतात, आमची घरं कुठे गेली?
• लॉगमध्ये "लिसनिंग ऑन" येतं, तरी बाहेरून कोणालाच जोडता येत नाही.
• चालतो, पण काही तासांनी कोसळतो.

हात लावण्याआधी: जगाची प्रत

बिल्ड बिघडला तर तासाभरात पुन्हा होतो. जग बिघडलं तर परत मिळत नाही. सर्व्हर थांबवा आणि जगाचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. त्यात मॅप.एसक्यूलाइट, प्लेयर्स.एसक्यूलाइट, ऑथ.एसक्यूलाइट, मॉड_स्टोरेज.एसक्यूलाइट, वर्ल्ड.एमटी, मॅप_मेटा.टीएक्सटी असं सगळं येतं. सर्व्हर चालू असताना सीपीने केलेली एसक्यूलाइटची प्रत अर्धवट असू शकते, आणि ते कळतं ते प्रत परत टाकताना. थांबवणं शक्यच नसेल तर एसक्यूलाइट३ या साधनाचा .बॅकअप आदेश वापरा, तो चालू डेटाबेसचीही सुसंगत प्रत काढतो.

याचं आणखी एक कारण पुढे गिट क्लीनपाशी येईल. तोवर प्रत काढलेली असलेली बरी.

१. शेवटची ओळ नाही, पहिली एरर वाचा

मदत मागताना बहुतेक जण शेवटच्या चार ओळी चिकटवतात: "मेक: * एरर २". त्या ओळीचा अर्थ एवढाच की आधी कुठेतरी काहीतरी चुकलं. एकाच वेळी चार-चार फाइली कंपाइल होत असतात, त्यामुळे खरी एरर शंभर-दोनशे ओळी वर वाहून गेलेली असते. बाकीच्या फाइली हातातलं काम संपवून मगच थांबतात.

सगळं आउटपुट फाइलीत घ्या: सीमेक --बिल्ड बिल्ड २>&१ | टी बिल्ड.लॉग. मग त्या फाइलीत ग्रेपने "एरर" आणि लगेच कोलन असा मजकूर शोधा आणि पहिलीच नोंद वाचा. कोलन महत्त्वाचा आहे, नाहीतर एरर हा शब्द नावात असलेल्या फाइलीही यादीत येतात. आणखी सोपा मार्ग म्हणजे तोच आदेश -जे १ देऊन पुन्हा चालवणं. एका वेळी एकच फाइल कंपाइल होते, त्यामुळे चूक आपोआप शेवटी येऊन थांबते.

पहिली एरर "फेटल एरर: अमुक.एच: नो सच फाइल" असेल तर तपासणी ५ कडे जा. "किल्ड" असेल तर ६ कडे. "अनडिफाइन्ड रेफरन्स" असेल तर ३, आणि त्यानंतर ४.

२. डिस्क आणि मेमरी

डीएफ -एच, डीएफ -आय, फ्री -एच. तिन्ही मिळून अर्धं मिनिट. डिस्क भरली की कंपायलर नेहमी सरळ "जागा नाही" म्हणत नाही. कधी असेंब्लर अर्धवट फाइलीवर ओरडतो, कधी लिंकर "फाइल ट्रंकेटेड" म्हणतो, आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. सोर्स, गिटचा इतिहास आणि बिल्ड मिळून किमान दोन-तीन जीबी मोकळी असू द्या. डीएफ -आय यासाठी की जागा दिसते पण आयनोड (फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा) संपलेले असतात. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हे होतं.

/टीएमपी मेमरीत माउंट केलेलं आहे का तेही बघा. असेल तर कंपायलरच्या तात्पुरत्या फाइली मेमरीच खातात. टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल डिस्कवरच्या एखाद्या फोल्डरकडे वळवा.

३. बिल्ड फोल्डर उडवा

दर अपडेटला येणाऱ्या अडथळ्यांतले सर्वांत जास्त इथेच सुटतात, म्हणून जरा थांबून बघू.

सीमेक पहिल्या वेळी जे शोधतं ते सीमेककॅश.टीएक्सटी या फाइलीत लिहून ठेवतं. कोणती लायब्ररी कुठे आहे, कोणता कंपायलर, कोणते पर्याय. पुढच्या वेळी ते पुन्हा विचारत नाही, कॅशमधलं जुनं उत्तर वापरतं. मधल्या काळात तुम्ही डेबियन ११ वरून १२ वर गेला असाल, लायब्ररीची आवृत्ती बदलली असेल, किंवा सोर्सचं फोल्डर दुसरीकडे हलवलं असेल, तर ती उत्तरं आता खोटी असतात. कोणी म्हणतं, "पॅकेज टाकलं तरी सीमेकला दिसत नाही!" त्यामागेही अनेकदा जुनी कॅशच असते.

उपाय एवढाच: आरएम -आरएफ बिल्ड, आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा. कधीतरी चुकून सोर्सच्या मुळाशीच "सीमेक ." चालवलं असेल तर कॅश तिथे पडलेली असते. मग नवं बिल्ड फोल्डर करून त्यात "सीमेक .." म्हटलं तरी सीमेक वरची कॅश बघून त्यालाच जुनं बिल्ड समजतं आणि तिथेच बांधू लागतं. तुमचं नवं फोल्डर रिकामं राहतं. म्हणून मुळाशी सीमेककॅश.टीएक्सटी आणि सीमेकफाइल्स आहेत का बघा, असतील तर काढा, आणि यापुढे नेहमी -एस आणि -बी स्पष्ट द्या.

दुसरा खड्डा मोठा आहे. बिल्ड उडवलं की तुम्ही मागच्या वेळी दिलेले पर्यायही उडतात. लुआंटीत बिल्ड_सर्व्हर मुळात बंद असतं आणि बिल्ड_क्लायंट चालू. पर्याय दिले नाहीत तर बिनस्क्रीनच्या सर्व्हरवर तो ओपनजीएल आणि एसडीएल२ मागत बसतो. लोक निमूटपणे ती सगळी ग्राफिक्सची पॅकेजं टाकतात, आणि शेवटी सर्व्हरची फाइल तयार झालेलीच नसते. रन_इन_प्लेसचं तसंच. लिनक्सवर ते मुळात बंद असतं. मागच्या वेळी तुम्ही ते चालू ठेवलं होतं आणि या वेळी विसरलात, तर सर्व्हर सोर्स फोल्डरातलं जग न बघता होममधल्या .माइनटेस्ट फोल्डरात बघतो. तिथे काही नसलं तर नवं कोरं जग करतो. घरं गेलेली नसतात. सर्व्हर दुसऱ्याच गल्लीत उभा असतो.

पूर्ण आदेश असा:

सीमेक -एस . -बी बिल्ड -डी बिल्ड_सर्व्हर=ट्रू -डी बिल्ड_क्लायंट=फॉल्स -डी रन_इन_प्लेस=ट्रू -डी बिल्ड_युनिटटेस्ट्स=फॉल्स

तो बांधा.एसएच अशा दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा आणि दर वेळी तीच चालवा. आठवणीवर विसंबू नका. युनिट टेस्ट बंद केल्याने सर्व्हरचं काही अडत नाही, फक्त कंपाइल करायच्या फाइली कमी होतात.

तिसरा खड्डा म्हणजे गिट क्लीन. "सगळं स्वच्छ करायचं तर गिट क्लीन -एक्सडीएफ" हा सल्ला बऱ्याच ठिकाणी सापडतो. इतर प्रकल्पांत तो चालतो. इथे रन_इन_प्लेस चालू असेल तर वर्ल्ड्स (जगं), मॉड्स (खेळात भर घालणारे जोड) आणि गेम्स ही फोल्डरं सोर्सच्या आतच असतात, आणि त्यातला तुमचा मजकूर गिटने दुर्लक्षित ठेवलेल्या यादीत असतो. एक्स या अक्षराचा अर्थच "दुर्लक्षित फाइलीही काढ". एका आदेशात जग पुसलं जातं, विचारतही नाही. आधी -एक्सडीएन चालवा. तो काय काढणार ते फक्त दाखवतो, हात लावत नाही.

४. सोर्स नेमकं कोणत्या आवृत्तीचं आहे

गिट स्टेटस आणि गिट डिस्क्राइब --टॅग्स. नुसतं गिट पुल करणारे अनेक जण नकळत मास्टर शाखेवर असतात, म्हणजे चालू विकासाच्या कोडवर. आवृत्तीच्या शेवटी "-डेव्ह" दिसलं तर तेच. सार्वजनिक सर्व्हरसाठी गिट फेच --टॅग्स करून शेवटच्या स्थिर टॅगवर चेकआउट करा.

जुनं मार्गदर्शन वापरताना दोन आवृत्त्या लक्षात ठेवा. ५.९ च्या आधी इरलिख्टएमटी ही ग्राफिक्स लायब्ररी वेगळ्या रेपोतून आणावी लागायची. ५.९ पासून ती मुख्य सोर्सच्या आतच आहे. जुन्या पायऱ्या पाळून लिब फोल्डरात तिची वेगळी प्रत टाकली असेल तर काढून टाका. आणि ५.८ पासून माइनटेस्ट गेम इंजिनबरोबर येत नाही, तो वेगळा उतरवून गेम्समध्ये ठेवावा लागतो. याचा परिणाम तपासणी ९ मध्ये दिसेल.

नवी आवृत्ती बांधता येईना म्हणून जुनीवर परत जायचा मोह होतो. जपून. ५.५ पासून नकाशाचे ब्लॉक झेडस्टँडर्डने दाबून साठवले जातात. त्या आवृत्तीत चाललेलं जग त्याहून जुन्या सर्व्हरला वाचता येत नाही. मागे जायचंच तर त्या काळातली जगाची प्रतही लागेल.

५. डेव्ह पॅकेजं

लायब्ररी बसलेली असणं वेगळं आणि तिच्या हेडर फाइली असणं वेगळं. चालवायला लिबझेडएसटीडी१ पुरतं, कंपाइल करायला लिबझेडएसटीडी-डेव्ह लागतं. (फेडोरावर हेच -डेव्हेल.) फक्त सर्व्हरसाठी एवढी यादी पुरते:

जी++, मेक, सीमेक, गिट, झेडलिब१जी-डेव्ह, लिबझेडएसटीडी-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबजीएमपी-डेव्ह, लिबजेसॉनसीपीपी-डेव्ह, लिबकर्ल४-ग्नूटीएलएस-डेव्ह, लिबलुआजिट-५.१-डेव्ह.

पीएनजी, जेपेग, ओपनएएल, फ्रीटाइप, एसडीएल२ ही सगळी क्लायंटची. सीमेक ती मागत असेल तर पॅकेज टाकू नका, तपासणी ३ मधला बिल्ड_क्लायंटचा पर्याय पुन्हा बघा.

एररमध्ये फक्त हेडरचं नाव असेल आणि पॅकेज कुठलं ते कळत नसेल तर एपीटी-फाइल हे साधन टाका, एपीटी-फाइल अपडेट करा आणि एपीटी-फाइल सर्च अमुक.एच विचारा.

जास्त त्रास देतात त्या गप्प राहणाऱ्या गोष्टी. यातल्या काही लायब्ऱ्या नसल्या तरी सीमेक थांबत नाही, एक ओळ लिहून पुढे जातं. लुआजिट सापडलं नाही तर सोबत आलेलं साधं लुआ वापरतं. सर्व्हर चालतो, पण मॉड जास्त असले की अडखळतो, आणि लोक होस्टिंगवाल्याला दोष देतात. -डी रिक्वायर_लुआजिट=ट्रू दिलं तर अशा वेळी सीमेक थांबेल, ते बरं. कर्ल नसेल तर सर्व्हर सार्वजनिक यादीत दिसत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल वापरत असाल आणि तो सापडला नाही, तर बिल्ड निर्विघ्न होतो आणि सुरू करताना "बॅकएंड नॉट सपोर्टेड" येतं. त्यासाठी लिबपीक्यू-डेव्ह लागतं.  म्हणून सीमेकचा सारांश नजरेखालून घाला, नुसतं "डन" बघून पुढे जाऊ नका.

कंपायलरही बघा: जी++ --व्हर्जन. सध्याच्या कोडला सी++१७ लागतं. उबुंटू १६.०४ चा मूळ जीसीसी ५.४ आणि सेंटओएस ७ चा ४.८.५. या दोन्हींवर वेळ घालवू नका.

६. मेमरी कमी पडते

लक्षण ठरलेलं: "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस". खात्रीसाठी डीमेसग मध्ये "आउट ऑफ मेमरी" शोधा. कर्नलने मेमरी वाचवायला कंपायलरला मारलं, कोडचा काही दोष नाही.

सी++ ची एकेक जड फाइल कंपाइल होताना शेकडो एमबी घेते. १ जीबीच्या व्हीपीएसवर -जे ४ दिलं की चार फाइली एकदम मागायला येतात. आधी फुकटचा उपाय: -जे १. वेळ लागेल, पण झालेल्या फाइली पुन्हा होत नाहीत, जिथे मेला तिथून पुढे जातो. त्याच वेळी जुना सर्व्हर चालू असेल तर तो थांबवा. तोही काहीशे एमबी घेऊन बसलेला असतो.

तरी मेला तर २ जीबी स्वॅप, म्हणजे मेमरीसारखी वापरायची डिस्कवरची जागा:

सुडो एफअलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल, मग सुडो सीएचमॉड ६००, सुडो एमकेस्वॅप, सुडो स्वॅपऑन, त्याच फाइलीवर.

६०० विसरू नका, स्वॅपमध्ये मेमरीतलं काहीही उतरू शकतं आणि ते इतरांना वाचता येता कामा नये. स्वॅपऑनने "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हटलं तर तुमचा व्हीपीएस कंटेनर प्रकारचा आहे. तिथे आतून स्वॅप देता येत नाही.

मधे नाही, अगदी शेवटी लिंक करताना मरत असेल आणि नावात एलटीओ दिसत असेल तर -डी एनेबल_एलटीओ=फॉल्स द्या. लिंकच्या वेळी सगळ्या प्रोग्रामचं एकत्र ऑप्टिमायझेशन होतं, त्याला एकदम जास्त मेमरी लागते.

७. चालतोय तो नेमका कोणता?

बिल्ड झाला, आवृत्ती जुनीच. यंत्रावर दोन-तीन सर्व्हर असतात: एपीटीने आलेला /यूएसआर/गेम्स मध्ये, कधीतरी मेक इन्स्टॉल केलेला /यूएसआर/लोकल/बिन मध्ये, आणि सोर्स फोल्डरातल्या बिन मध्ये. टाइप -ए लुआंटीसर्व्हर, मग टाइप -ए माइनटेस्टसर्व्हर. दोन्ही विचारा, कारण ५.१० पासून फाइलीचं नाव बदललं आहे आणि जुन्या नावाची जुनी फाइल पडून असू शकते.

लुआंटी तयार फाइल बिल्ड फोल्डरात ठेवत नाही, सोर्सच्या बिन फोल्डरात ठेवतं. म्हणून बिल्ड उडवलं तरी मागच्या वेळची बायनरी शाबूत राहते. नवा बिल्ड फसला आणि तुमच्या लक्षात आलं नाही तर तीच चालते.

पूर्ण वाट देऊन --व्हर्जन विचारा. आवृत्तीबरोबर रन_इन_प्लेस, कर्ल आणि लुआजिटची स्थितीही छापून येते. वरच्या निम्म्या शंका या एका आदेशात मिटतात.

सर्व्हर आपोआप सुरू करायला सिस्टमडी वापरत असाल तर सिस्टमसीटीएल कॅट करून एक्झेकस्टार्टची वाट वाचा. ती बदलल्यावर डेमन-रीलोड आणि रीस्टार्ट दोन्ही लागतात.

८. लायब्ररी सापडत नाही

एलडीडी बिन/लुआंटीसर्व्हर चालवून "नॉट फाउंड" असलेल्या ओळी बघा. प्रणाली अपग्रेड केल्यावर हे होतंच. उदाहरणार्थ, डेबियन ११ मध्ये लिबजेसॉनसीपीपीचा क्रमांक २४ होता, १२ मध्ये २५. जुनी बायनरी २४ शोधते. २५ ला २४ नावाची सिमलिंक देऊन भागवू नका. क्रमांक बदलतो तोच मुळी आतली रचना जुळत नाही म्हणून. सुरू होईल आणि मग भलत्याच वेळी कोसळेल. पुन्हा बांधा.

"जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड" (जीलिबसी ही प्रणालीची मूळ सी लायब्ररी) म्हणजे नव्या यंत्रावर बांधून जुन्यावर नेलं. "इललीगल इन्स्ट्रक्शन" म्हणजे बहुधा -मार्च=नेटिव्ह देऊन एका प्रोसेसरवर बांधलं आणि दुसऱ्यावर चालवलं. होस्टिंगवाल्याने व्हीपीएस दुसऱ्या यंत्रावर हलवला तरी हे अचानक होतं. दोन्हीवर उपाय एकच: जिथे चालवायचं तिथेच, तो पर्याय न देता बांधा.

९. सुरू होतो आणि बंद पडतो

सिस्टमडीशिवाय, टर्मिनलमध्ये हाताने चालवा. --वर्ल्ड ला जगाची पूर्ण वाट द्या.

गेम सापडत नाही म्हणाला तर वर्ल्ड.एमटी मधली गेमआयडी आणि गेम्स मधलं फोल्डर जुळवा. फोल्डराच्या नावाचा शेवटचा _गेम आयडीत धरला जात नाही. माइनटेस्ट_गेम फोल्डर असेल तर आयडी नुसती माइनटेस्ट.

"रीडओन्ली डेटाबेस" आलं तर कधीतरी सर्व्हर रूटने चालवला गेला आहे आणि फाइली रूटच्या नावावर झाल्या आहेत. सीएचओन -आर करून सर्व्हरच्या युजरला द्या. फक्त फाइल नाही, फोल्डरही त्याच्याच नावावर हवं, कारण एसक्यूलाइट शेजारी जर्नलची फाइल तयार करतं. तिथे लिहिता आलं नाही तर डेटाबेसमध्येही लिहीत नाही. सीएचमॉड ७७७ करून मोकळं होऊ नका.

"ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" म्हणजे जुना सर्व्हर अजून जिवंत आहे. एसएस -लुनप चालवा आणि ३०००० या पोर्टवर कोण बसलंय ते बघा. एसएस -लटनप नाही. लुआंटी यूडीपी वापरतं, टीसीपीच्या यादीत ते दिसणारच नाही.

१०. आतून चालतो, बाहेरून नाही

टेलनेटने ३०००० तपासण्यात अर्थ नाही, ते टीसीपी आहे. यूएफडब्ल्यू मध्ये ३००००/यूडीपी उघडा. "/यूडीपी" लिहिलंच पाहिजे असं नाही, पण लिहिलं की टीसीपी उगाच उघडं राहत नाही. शिवाय बऱ्याच क्लाउड सेवांच्या पॅनेलमध्ये स्वतःची वेगळी फायरवॉल असते, तिथेही यूडीपीच निवडा.

मग सुडो टीसीपीडम्प -एनआय एनी यूडीपी पोर्ट ३०००० लावून बाहेरच्या मित्राला जोडायला सांगा. पाकिटं दिसली तर अडचण तुमच्या यंत्रात. काहीच दिसलं नाही तर ती वाटेत अडली, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाही.

घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवणाऱ्यांनी राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरचं पाकीट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. इंटरनेटवाल्याकडून सार्वजनिक पत्ता घ्या किंवा छोटा व्हीपीएस. आपल्याकडच्या मोबाइल जोडण्यांवर तर हे सर्रास असतं.

११. काही तासांनी कोसळतो

आधी डीबग.टीएक्सटी चा शेवट. "मॉडएरर" किंवा "रनटाइम एरर फ्रॉम मॉड" दिसलं तर दोष मॉडचा, नाव आणि ओळक्रमांक तिथेच लिहिलेला असतो. मॉड अद्ययावत करा किंवा काढा. इंजिन पुन्हा बांधून उपयोग नाही.

काहीच लिहिलेलं नसेल तर वेगळ्या पोर्टवर, कोऱ्या जगात, एकही मॉड न घालता तोच सर्व्हर दिवसभर चालू ठेवा. टिकला तर बिल्ड चांगला आहे. मग मॉड निम्मे निम्मे करून घाला, दोषी लवकर सापडतो.

कोऱ्या जगातही कोसळला तर -डी सीमेक_बिल्ड_टाइप=रेलविथडेबइन्फो देऊन बांधा, जीडीबी या डीबगरखाली चालवा, कोसळल्यावर बीटी टाका, म्हणजे कोसळताना कोड कुठे होता ते छापून येतं. इतका मजकूर हातात असला की विकसकांना नीट कळवता येतं. नुसतं "क्रॅश होतो" म्हणून कोणी काही करू शकत नाही.

कुठे थांबायचं

दर वेळी वेगळ्याच फाइलीवर "इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट" येत असेल, तर कंपायलर किंवा सोर्स दोषी असण्यापेक्षा रॅम किंवा तापमान दोषी असण्याची शक्यता जास्त. खरी कोडची चूक त्याच फाइलीवर, त्याच ओळीवर येते. घरचं यंत्र असेल तर मेमटेस्ट रात्रभर लावा आणि चुका निघाल्या तर हार्डवेअरवाल्याकडे न्या. भाड्याचं असेल तर लॉगसह होस्टिंगला कळवा.

डीमेसग मध्ये "आय/ओ एरर" दिसली, किंवा एसक्यूलाइटने "डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड" म्हटलं, तर त्याच क्षणी सर्व्हर बंद. त्या डिस्कवर काही बांधू नका, दुरुस्तीचे आदेश मूळ फाइलीवर चालवू नका. जे वाचता येतं ते दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि डेटा परत मिळवणाऱ्या माणसाला गाठा. पोस्टग्रेएसक्यूएलमधलं जग बिघडलं असेल तर तो डेटाबेसवाल्याचा विषय आहे, गेम सर्व्हरवाल्याचा नाही.

जीलिबसी हाताने बदलायची वेळ आली आहे असं वाटलं तर तिथेच हात आवरा. ती मोडली की एलएस आणि सुडोसुद्धा चालत नाहीत, आणि दूरच्या यंत्रात एसएसएचनेही शिरता येत नाही. सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. अशा यंत्रावर नवा कंपायलर ओढून आणण्यापेक्षा नवं यंत्र घ्या, आणि त्यावर इतरही काही चालत असेल तर स्थलांतर सिस्टम ॲडमिनकडून करून घ्या.

आणि टॉपमध्ये तुम्ही न सुरू केलेली, सतत शंभर टक्के प्रोसेसर खाणारी प्रक्रिया दिसली, किंवा क्रॉनटॅबमध्ये अनोळखी ओळ सापडली, तर बिल्ड सोडा. यंत्रात बहुधा दुसरं कोणीतरी शिरलं आहे. पॅनेलमधून नेटवर्क तोडा, जगाची प्रत आणि सेटिंगच्या फाइली तेवढ्या बाहेर काढा, बायनरी आणि स्क्रिप्ट तिथेच ठेवा, आणि जाणकाराने तपासल्यावरच कोऱ्या प्रणालीवर पुन्हा बांधा.